मदत हवी आहे: रॉकेटची काठी नळीत अडतेय

खिळेमोळे: पुठ्ठ्याचं रॉकेट-लाँचर करतोय. घोडी उभी राहिली, वर नळी बसवली, पण रॉकेट सरकवलं की काठी काठाला अडते. नळी दोनदा मोठी करून झाली. शनिवारी द्यायचंय, लवकर सांगा.

पाऊलवाट: कुठलं रॉकेट? साल? स्केल?

खिळेमोळे: इंग्रज विल्यम काँग्रीव्हचंच हो, ३२ पौंडी. १८०७ ला ब्रिटिशांनी कोपनहेगनवर डागलं ते. स्केल १:२०.

बाणदार: मुळात ही विद्या आपल्याकडची. म्हैसूरचे लोखंडी नळकांड्यांचे बाण श्रीरंगपट्टणहून वुलिचला, इंग्रजांच्या लंडनजवळच्या शस्त्रागारात गेले, तेव्हा कुठे काँग्रीव्ह जागा झाला. २०१८ ला शिमोगा जिल्ह्यात नगरला एका विहिरीत हजारावर बाण सापडले. जुन्या मराठी कागदांतले 'बाण' ते हेच!

पाऊलवाट: बाणदार, त्यांची काठी अडलीय, अभिमान नाही.

फिरकी: काठीच काढा. विल्यम हेल या इंग्रजाने १८४४ ला तेच केलं. बुडातून सुटणाऱ्या वायूनेच रॉकेट स्वतःभोवती गरगरतं आणि सरळ जातं. मी त्याची पत्र्याची पन्हळ एका दुपारी केली होती.

खिळेमोळे: हेल नकोय हो. ३७ वर्षांनंतरचं कोपनहेगनला कुठून आणू?

नाना_कल्याण: आम्ही दिवाळीत बाटलीत उभं करायचो. बाटलीत ओली वाळू भरा, कलंडत नाही.

खिळेमोळे: नाना, उडवायचं नाहीये!

पाऊलवाट: काठी बांधलीय कुठे? बाजूला की बुडाला?

खिळेमोळे: बाजूला, दोऱ्याने. चित्रात तशीच आहे. नळी दुसऱ्या चित्रातली.

पाऊलवाट: हे आधी सांगायचं ना! बाजूची काठी जुन्या रॉकेटांना. १८१५ च्या सुमारास काँग्रीव्हने ती बुडाच्या तबकडीत मधोमध स्क्रूने बसवली, भोवती वायूला पाच भोकं ठेवली. मग रॉकेट बंद नळीतून सुटू लागलं. तुम्ही आधीचं रॉकेट नंतरच्या नळीत कोंबताय. नळी उभी चिरा, वरचा अर्धा भाग काढा.

फिरकी: म्हणजे पन्हळच. मी काय म्हणत होतो?

पाऊलवाट: तुम्ही काठी काढायला सांगत होतात. खिळेमोळे, काठी किती लांब केलीय?

खिळेमोळे: १० सेंमी. चिरली नळी, बसलं!

पाऊलवाट: खरी काठी १५ फुटी होती. तुमच्या स्केलला २३ सेंमी.

खिळेमोळे: २३?? मग शेपूट पाटाला टेकतंय. घोडी परत उंच करायची?

नाना_कल्याण: बाटली घ्या.