मिशनच्या बोटीवर दोन आठवडे: सेवा की सहल?

नावात_काय:
कालची ती पोस्ट वाचून गप्प बसणार होतो, राहवलं नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: पेरूत अ‍ॅमेझॉनकाठच्या इकितोस शहरातून मिशनची बोट, नदीकाठची गावं, सकाळी प्रार्थना, मग तपासणी, 'त्या डोळ्यांतली कृतज्ञता', आणि शेवटी 'प्रत्येकानं एकदा तरी जाऊन यावं'.

का जावं? पोरांना जंताची एक गोळी, अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅम. पाणी तेच नदीचं, संडास नाही, म्हणजे काही महिन्यांत जंत परत हजर. रक्तदाब असलेल्या बाईला ३० गोळ्या. ३१व्या दिवशी तिनं काय करायचं? बोट येणार थेट पुढच्या वर्षी. आणि पेरू सरकार काय झोपलंय? नौदलाची जहाजं २०१३ पासून तिथल्याच नापो नदीवर फिरतायत. डॉक्टर असतो, बँक असते, ओळखपत्रसुद्धा काढून मिळतं. ओळखपत्र झालं की सरकारी विमा लागू. तुमच्या ३० गोळ्यांपेक्षा तो कागद मोठा.

नदीकाठची:
पोस्ट माझीच. 'कृतज्ञता' मागे घेते, गुळमट झालं ते. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

नौदलाचं जहाज मोठ्या नदीवर चालतं हो. आम्ही होतो फाट्यावरच्या फाट्यावर. सप्टेंबरात पाणी इतकं उतरतं की आमची छोटी बोटसुद्धा दोनदा गाळात रुतली. सातव्या दिवशी रात्री एका पोराला आणलं, पायाला खेर्गोन, म्हणजे तिथला विषारी साप, चावलेला. सूज गुडघ्याच्या वर, हिरड्यांतून रक्त. प्रतिविष होतं आरोग्य केंद्रात, केंद्र नदीनं पाच तासांवर, आणि अख्ख्या गावात पेके-पेकेच्या, म्हणजे त्यांच्या छोट्या होडीच्या, इंजिनात घालायला पेट्रोल नव्हतं. आमच्याकडं होतं. आमचा डॉक्टर नाही, औषध नाही, पेट्रोल कामी आलं. पोरगा जगला. आता सांगा, जायचं की नाही?

प्रार्थनेची सक्ती नव्हती. मी नास्तिक आहे, त्या अर्ध्या तासात मी हत्यारं उकळायची.

भटक्या:
सक्ती नव्हती म्हणे! प्रार्थना आधी, तपासणी नंतर, म्हटल्यावर ताप आलेल्या लेकराची आई उठून जाईल का? उगाच नाही २०२० मध्ये ब्राझीलच्या न्यायालयानं जावारी खोऱ्यातून, तिथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून, मिशनऱ्यांना बाहेर काढायला लावलं.

नदीकाठची:
जावारीत बाहेरच्यांपासून लांब राहणाऱ्या टोळ्या आहेत, त्यात करोना. आम्ही गेलो त्या गावात शाळा आहे, चर्च आहे, दोन दुकानं आहेत. बातमीचं शीर्षक वाचून येऊ नका.

दातखिळी:
जंत आणि धर्म चालू द्या. मला दातांवर बोलायचंय, कारण मी अशाच एका बोटीवर दंतवैद्य म्हणून गेलो होतो. शाळेचं बाक, डोक्याला टॉर्च, पायाशी प्लास्टिकची बादली. दिवसाला ४० दात काढायचो. नुसते काढायचे! एका चौदा वर्षांच्या मुलीचे वरचे पुढचे दोन काढले. पैकी एक वाचला असता. उठल्यावर तिनं तोंडावर हात धरला आणि हात तसाच ठेवून पायऱ्या उतरून गेली. मिशनच्या अहवालात तिची नोंद 'उपचार पूर्ण'.

नदीकाठची:
डॉक्टरसाहेब, वीज नाही, ड्रिल नाही, पुन्हा येण्याची खात्री नाही. दुखणारा दात तोंडात ठेवून यायचं होतं का? आमच्या दंतवैद्य बाई रात्री रडायच्या, तरी सकाळी पक्कड हातात घ्यायच्या.

दातखिळी:
हेच, हेच ऐकून माझं टाळकं सरकतं! ड्रिल लागतं कुणाला? हातानं कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर, म्हणजे दात भरायचं सिमेंट, भरायचं, वीज लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवायचं औषध तर नुसतं ब्रशनं लावायचं. डाग काळा पडतो, पण कीड बहुतेक वेळा थांबते. २०२१ पासून दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. न्यायचं का नाही? कारण काढलेल्या दातांचा आकडा देणगीदाराला दाखवता येतो. काळ्या डागाचा फोटो कोण छापणार?

नदीकाठची:
म्हणजे बाई पैशासाठी दात काढत होत्या? जरा जपून लिहा.

दातखिळी:
बाई नाही. मी. मीच काढले, मीच मोजले.

जुना_वाचक:
अल्बर्ट श्वाइट्झर, धर्मशास्त्री आणि डॉक्टर, १९१३ साली आफ्रिकेत गॅबनमध्ये ओगोवे नदीकाठी लांबारेनेला गेला, तेव्हा पॅरिसच्या मिशनला त्याची धर्ममतं पटत नव्हती. प्रवचन करणार नाही, फक्त डॉक्टरकी करेन, एवढं कबूल केल्यावर जाऊ दिलं. भटक्यांनी ही गंमत लक्षात घ्यावी. आणि १९६५ साली मेला तो तिथंच. दोन आठवड्यांत परत आला नाही.

भटक्या:
हो, आणि आफ्रिकन माणूस माझा भाऊ, पण धाकटा, असं म्हणणाराही तोच ना? चालू द्या भक्ती.

नदीकाठची:
दातखिळी, खरं सांगते, त्या यादीचं मला माहीत नव्हतं. बाईंना विचारलं, त्यांना माहीत होतं. सामानात 'बसलं नाही' म्हणाल्या. गिटार मात्र बसलं होतं.

दातखिळी:
गिटार!! पुढच्या फेरीला जाणार असाल तर सिमेंट मी पाठवतो. प्रार्थना तुमच्या तुम्ही करा.

नदीकाठची:
मी हत्यारं उकळते म्हटलं ना. पाठवा.

नावात_काय:
छान, दात झाले, गिटार झालं. त्या बाईचा ३१वा दिवस कुठं गेला?