प्लाझ्मानंतर आठवडाभर थांबणं महागात पडतं

पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विघटन होणारं प्लास्टिक) याच्यावर पेशी नीट चिकटाव्यात म्हणून आधी ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन पृष्ठभाग पाणीप्रेमी करतात. असे नमुने आठवडाभर ठेवून मग पेशी लावल्या तरी चालतं, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. पीसीएलचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली प्लास्टिक काचेसारखं ताठ होतं) उणे ६० अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानालाही त्याच्या रेणूंच्या साखळ्या हलत असतात आणि पृष्ठभागावर तयार झालेले पाणीप्रेमी गट हळूहळू आत वळतात. पीएलएचं (पॉलिलॅक्टिक ॲसिड, असंच दुसरं प्लास्टिक) हेच तापमान ६० अंशांच्या आसपास असल्याने तिथे ते सावकाश होतं, पण होतंच. पाण्याचा थेंब टाकून बघा: प्लाझ्मा दिल्या दिल्या तो पसरतो, काही दिवसांनी पुन्हा गोल होऊन बसतो.

म्हणून प्लाझ्मानंतर तासाभरात पुढचा थर द्यावा. सर्वात सोपा पॉलिडोपामिनचा (डोपामिनचे रेणू जुळून होणारा चिकट थर): १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन), पीएच ८.५, दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन. भांडं उघडं ठेवून ढवळत राहा, कारण ही क्रिया हवेतल्या ऑक्सिजनवर चालते. झाकण लावलं की द्रावण काळं व्हायला फार वेळ लागतो. नमुने आडवे ठेवू नका, उभे टांगा, नाहीतर द्रावणातल्या गुठळ्या वरच्या बाजूला बसतात आणि धुताना थर पापुद्र्यासारखा निघतो.

आणखी एक, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे फार जाणवतं: पीएलए ओलावा शोषतं आणि त्याचं जलविघटन (पाण्याने साखळ्या तुटणं) तिथूनच सुरू होतं. नमुने सिलिका जेल घालून फॉइलच्या पाकिटात सीलबंद करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) तर दोघांनाही नकोच, १२१ अंशांना पीसीएल वितळतं आणि पीएलए वाकडं होतं.