शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्रीचा तिकिटाचा डान्स हंगामा: कायद्यात काय बसते?

प्रश्न: भाऊ, लाखनीकडे मंडप टाकून फक्त प्रौढांसाठी नाच ठेवायचा हाय. ग्रामपंचायतीचा ठराव पुरते का?

उत्तर: नाही. पोलिसांची लेखी परवानगी घ्या. सरकारने सवलत दिलेले दिवस सोडले तर भोंगा रात्री १० ला बंद. आणि फलकावर ‘प्रौढांसाठी’ लिहून अश्लीलता माफ होत नाही: भारतीय न्याय संहिता, कलम २९६, ३ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

उत्तर: खरी गोची वयाची. नाचाची पार्टी आणणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, प्रत्येक नाचणारीचा जन्मदाखला पाहा. १८ खालची निघाली तर पॉक्सोही (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागू शकतो. मानधन तिच्याच हाती द्या. नको ते गाणं नाकारलं म्हणून कापू नका.

उत्तर: डान्सबारला अटींसह मोकळीक देणारा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बारपुरता, मंडपाला लावू नका. तिथेही टिप चालते, नोटा उधळणे नाही.