मदत हवी आहे: डुकरं भरायला येणाऱ्या गाडीपासून शेड कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं वराहपालन आहे. वीसेक माद्या, त्यांची पिल्लं आणि विक्रीसाठी वाढवलेली डुकरं. जवळच्याच एका शेडमध्ये डुकरं पटापट मेली. कडक ताप, खाणं बंद, कानांवर आणि पोटाखाली लाल-जांभळे चट्टे. नमुने तपासायला गेलेत, अहवाल यायचाय. पण आफ्रिकन स्वाइन फीवरच आहे असं धरून मी वागतेय. साध्या स्वाइन फीवरची लस आम्ही देतो, ती इथे उपयोगाची नाही, दोन्हींचे विषाणू वेगळे आहेत. लागण झाल्यावर औषधही नाही.

खरकटं घालणं बंद केलं. २००७ मध्ये जॉर्जियात हा रोग शिरला तो बहुधा जहाजांवरच्या खरकट्यातूनच. नवा नर आणायचा होता, तोही थांबवला.

अडलंय ते गाडीपाशी. व्यापाऱ्याची गाडी एकाच फेरीत तीन-चार शेडांवरून डुकरं उचलते. हौद्याच्या फळ्यांच्या फटीत आधीची घाण वाळून बसलेली असते. मदतनीस त्याच बुटांनी आत येऊन डुकरं हाकतो. एखादं डुक्कर फळीवरून मागे फिरलं की हौद्यातली घाण पायांना घेऊन सरळ शेडमध्ये घुसतं.

गाडीवर फाटकाशी औषध फवारलं तर पुरतं का? दुसरं, "अहवाल यायच्या आत सगळं विकून मोकळी हो" असं घरचे म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, पण नीट उत्तर देता येत नाहीये.

प्रतिसाद:
ताई, विक्रीचं आधी. लागणीनंतर लक्षणं दिसायला ४ ते १९ दिवस लागू शकतात. आज धडधाकट दिसणारं डुक्कर उद्या दुसऱ्याचं शेड रिकामं करेल. अहवाल येईपर्यंत एकही जनावर हलवू नका, घरच्यांना हेच सांगा.

घाणीवर मारलेलं जंतुनाशक वाया जातं. आधी खरवडायचं, साबणाच्या पाण्याने घासून धुवायचं, निथळू द्यायचं, मग औषध, आणि डब्यावर लिहिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत ते ओलं राहायला हवं. फाटकाशी हे होत नाही. गाडी धुऊन, रिकामी, तुमच्याकडे पहिली येणार असेल तरच बोलवा.

आणि गाडी आत घेऊच नका. कुंपणालगत, शेडपासून लांब, एक छोटा कप्पा बांधा. आतलं फाटक लावल्यावरच बाहेरचं उघडायचं. त्या कप्प्यात गेलेलं डुक्कर परत शेडमध्ये येणार नाही, मग विकलं जावो न जावो. मदतनीस कुंपणापलीकडेच.

एखादं डुक्कर मेलं तर ते फाडू नका, रक्तात विषाणू प्रचंड असतो. झाकून ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा.

धागाकर्ती:
कप्पा लगेच बांधायला घेते. पण आम्ही दोघंच आहोत. भरणारा आणि खाऊ घालणारा माणूस एकच, त्याचं काय?

प्रतिसाद:
सकाळचं खाणंपिणं, साफसफाई, पिल्लांचं सगळं आधी उरकून घ्या. भरणी शेवटी. त्यानंतर आंघोळ, कपडे आणि बूट बदलल्याशिवाय त्या माणसाने शेडकडे फिरकायचं नाही. भरणीचे बूट कप्प्याबाहेरच ठेवा, वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे घाईत गल्लत होणार नाही.