मदत हवी आहे: धनेशाच्या ढोलीचा बेहडा पडला, आता घरट्यासाठी पेटी कशी करावी?

देवरुखजवळ आमच्या बागेच्या कडेला मोठा बेहडा होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेराची, म्हणजे धनेशाची, जोडी यायची. मलबारी कवड्या धनेशच, चोचीवर काळ्या डागाचं शिंग, मादीच्या डोळ्याभोवती पांढुरकी त्वचा. यंदा पावसाळ्यात झाड मुळासकट कोसळलं. जोडी अजून समोरच्या वडावर आणि काजऱ्यावर येते, पण धनेश स्वतः ढोली कोरत नाही आणि आसपास दुसरी मोठी ढोल दिसत नाही.

गणपतीनंतर प्लास्टिकच्या पिंपाला भोक पाडून आंब्यावर टांगलं. त्यात साळुंक्या शिरल्या. (भोक बहुधा माझ्या अंदाजाने चुकलंच.) उन्हात पिंप तापतंही फार.

आता फणसाच्या फळ्यांची पेटी करणार आहे. सुतार घरचाच, खर्चाची अडचण नाही. जागा आमची खाजगी, माकडं भरपूर. ठिकाण जाहीर करणार नाही, तेवढं समजून घ्या.

मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, म्हणजे तोंडाचं माप नेमकं हवं. ज्यांच्या पेटीत खरोखर पिल्लं झाली आहेत त्यांनीच सांगा: तोंड किती इंच उंच-रुंद ठेवलंत, आत तळाला काय घातलंत, आणि फेब्रुवारीत जोडी जागा शोधायला लागते त्याआधी किती महिने पेटी टांगलेली असावी?