'बाप का, दादा का, भाई का': दादा म्हणजे नक्की कोण?

जळगावकर:
रविवारी घरी 'गँग्ज ऑफ वासेपूर' या हिंदी सिनेमाचे दोन्ही भाग एका बैठकीत पाहिले. सव्वापाच तासांचं काम, मध्ये खिचडीचा कुकर लावायला उठलो तेवढाच. आई सोबत होती. गोळ्याबिळ्यांचं तिला काही वाटत नाही. पण नायक फैजलचं ते वाक्य आलं, 'बाप का, दादा का, भाई का, सबका बदला लेगा रे तेरा फैजल', आणि ती म्हणाली, "मोठा भाऊ एकच गेला ना त्याचा? मग दादाचा वेगळा आणि भावाचा वेगळा बदला कशाला?" मी हसलो, आणि मग गप्पच बसलो. कारण २०१२ पासून मीही ते तसंच ऐकत आलोय. जोर द्यायला एकच गोष्ट दोनदा म्हटली असेल, असं धरून चाललो होतो. जाणकारांनी सांगावं.

चांदेकर:
आईंचा प्रश्न रास्त आहे. हिंदीत दादा म्हणजे बापाचा बाप. तो अर्थ धरून वाक्य परत ऐका, अख्खी गोष्ट त्यात आहे. आजा शाहिद खान, रामाधीर सिंहच्या खाणीवर पहिलवान म्हणून राहिला आणि रामाधीरनेच त्याला संपवला. बाप सरदार खान, ज्याने सूड घेईपर्यंत डोक्यावर केस ठेवणार नाही म्हणून टक्कल केलं. आणि भाऊ दानिश. तीन पिढ्यांतले तीन मुडदे. मला त्यातला क्रम आवडतो. वयाने आजा आधी यायला हवा, पण फैजल आधी बापाचं नाव घेतो. आजा त्याने पाहिलेलाच नाही.

आमच्या चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणीला 'खाण' कोणी म्हणत नाही, 'खदान' म्हणतात, आणि खदानीवर उत्तरेकडची माणसं बरीच. सहावीत असताना वर्गातला एक पोरगा रडत सांगत होता, 'मेरे दादा मर गये.' मी त्याला म्हणालो, तुला तर भाऊच नाही! त्याने मला असा बघितला की अजून आठवतं.

गिरगावकर:
गंमत म्हणजे वासेपूर ज्या धनबादमध्ये आहे ते बंगालच्या हद्दीला लागून आहे आणि बंगालीत दादा आपल्यासारखाच, मोठा भाऊ. म्हणजे थोडं पूर्वेला गेलं की आईंचा अर्थ बरोबर.

गुंड या अर्थाचा 'दादा' हिंदीतही चालतो, पण आपल्याकडे गुंडाला घरातलं नातं चिकटवायची खोडच आहे. गिरणगावात दादा, पुढे भाई, मध्येच अण्णा, आणि दगडी चाळीत तर थेट डॅडी. ज्याची भीती वाटते त्याला घरातला करून टाकायचं. सिनेमात वासेपूरवाले असं करत नाहीत. तिथे माणूस 'रंगदार' असतो आणि तो करतो ती 'रंगदारी'. याला मराठी शब्द काय? वर्तमानपत्रं डोळे झाकून 'खंडणी' लिहितात, मला ते पटत नाही.

जळगावकर:
आमच्याकडे रंगदार म्हणजे लावणी. 'रंगदार कार्यक्रमाने रसिक मंत्रमुग्ध.' धनबादचा पोलीस ही बातमी वाचून आयोजकांना उचलेल.

पुणेरी शंका:
लावणीला 'रंगतदार' म्हणा, गोंधळ कमी होईल. (म्हणणार नाही कोणी, माहीत आहे.)

खंडणीबद्दल गिरगावकरांशी सहमत, पण कारण वेगळं. खंडणी हा मुळात ठरलेल्या रकमेचा शब्द आहे. शेत 'खंडाने' देतात तो खंड आठवा. वर्षाला इतकं, पीक येवो न येवो. इतिहासात एका राज्याने दुसऱ्यावर बसवायची ती खंडणी, तिचे तह व्हायचे, कागद व्हायचे. त्या शब्दाला दरबाराचा वास आहे. तो पुढे फोनवरून धमकावणाऱ्यांकडे गेला आणि पोलिसांत खंडणीविरोधी पथक निघालं, हा त्याचा अधःपात. हप्ताही तसाच, ठरलेला, आठवड्याचा, म्हणून तर हप्ता. आणि दोन्ही शब्दांनी फक्त पैसा सांगितला जातो. रंगदारीत पैसा आहेच, शिवाय चौकात खुर्ची टाकून बसणं आहे, लग्नात हवेत गोळी झाडणं आहे. तिकडचा 'रंगबाज' याच घरातला. पैसे मिळाले नाहीत तरी रंगदार रंगदारच राहतो. पैसे न मिळालेला खंडणीखोर म्हणजे नुसता बेकार माणूस.

मला सगळ्यात जवळचा वाटतो 'दादागिरी'. पण तिच्यात वसुली नाही. म्हणजे निम्मं इकडे, निम्मं तिकडे. 'रंगदारी'च ठेवा आणि पुढे जा.

चांदेकर:
पुढे जाता जाता 'कट्टा' घ्या. आपल्याकडे कट्ट्यावर बसतात, वासेपुरात कमरेला खोचतात. गावठी पिस्तूल. आता 'गावठी कट्टा जप्त' ही बातमी मराठी पेपरातही रोजची झाली आहे, त्यामुळे 'कट्ट्यावरून दोघांना अटक' या मथळ्याचा अर्थ बातमी वाचल्याशिवाय लागत नाही.

माजी उपशीर्षकवाली:
मी काही वर्षं हिंदी मालिकांना मराठी उपशीर्षकं देत होते. या सिनेमाचं काम आलं नाही, पण 'कह के लूँगा'चं काय केलं असतं याचा विचार मात्र फार केलाय. पहिली ओढ 'सांगून सूड घेईन'कडे जाते. मेलं वाक्य. सरदार खान असा बोलला तर रामाधीर निवांत झोपेल. मूळ वाक्यात कर्मच नाही, काय घेणार ते ऐकणाऱ्याने समजायचं, आणि तिथेच त्याचा चावटपणा आणि दरारा आहे. पण मराठीत हे सगळं तयार आहे! कॉलेजात 'आज सरांनी माझी घेतली' म्हणत नव्हतो का आपण? मग 'सांगून घेईन तुझी'. जसंच्या तसं बसतं. अडचण भाषेची नाही, ते मंजूर करणाऱ्या साहेबांची आहे. त्यांनी 'वाट लावीन' करून मागितलं असतं.

खरी फजिती गाण्यात. 'फ्रस्टियाओ नहीं', 'अपसेटाओ नहीं'. इंग्रजी शब्द घेतला, शेपूट लावलं, क्रियापद तयार. आपण घाबरतो. 'फ्रस्ट्रेट होऊ नकोस', 'अपसेट करू नकोस', प्रत्येक वेळी होणे-करणेची कुबडी. हिंमत केली ती फक्त 'गुगलून बघ'मध्ये. मी 'फ्रस्टू नकोस' केलं असतं आणि शिव्या खाल्ल्या असत्या. 'वूमनिया' गाण्याला तर हातच लावला नसता. लग्नाच्या गाण्यांतल्या 'सजनिया'ची ती बहीण, तिचं मराठीत माहेर नाही. संगीत करणारी स्नेहा खानवलकर इंदूरची. तिने या गाण्यांसाठी बिहार तर पालथा घातलाच, 'हंटर' गाण्यासाठी त्रिनिदादला गेली, जिथे भोजपुरी माणसं ऊस लावायला गेली होती. बोली कानाने उचलली की अशी येते, कोशातून नाही.

गिरगावकर:
फैजलच्या वाक्याआधी आई त्याला विचारते, तुझं रक्त कधी 'खौलेगा'. इथे 'खवळेल' चालेल?

माजी उपशीर्षकवाली:
चालेल काय, धावेल. हिंदीत पाणी खौलतं, म्हणजे उकळतं. मराठीत समुद्र खवळतो आणि माणूस खवळतो. पण गांजा ओढत बसलेल्या पोराला आई टोचून विचारते तेव्हा 'उसळणार' मला जास्त बोचरं वाटतं. 'कधी उसळणार रे रक्त तुझं?' आणि उत्तर, 'बापाचा, आज्याचा, भावाचा, सगळ्यांचा सूड उगवेल तुझा फैजल.' 'आजोबांचा' नको. आजोबा म्हटलं की कवळी आणि वर्तमानपत्र दिसतं.

चांदेकर:
आजा एकदम बरोबर. आमच्याकडे अजून तोच म्हणतात.

जळगावकर:
आईला सगळं वाचून दाखवलं. आज्याचं पटलं. 'तुझी घेईन' वाचताना मी खोकलो. सगळं ऐकून म्हणते, "ते असू दे. तो आईशी बोलत होता ना? मग 'रे' कोणाला म्हणाला? आईला 'गं' म्हणतात."

माजी उपशीर्षकवाली:
म्हणूनच मी माझ्या वाक्यातून 'रे' काढला. लक्षात येईल असं वाटलं नव्हतं.