मदत हवी आहे: पतसंस्थेच्या दारांवरील कार्ड यंत्रणा बदलताना काय तपासून घ्यावे?

नमस्कार. आमच्या सहकारी पतसंस्थेत मुख्य दार, दप्तरखोली आणि सर्व्हरची खोली कार्डाने उघडतात. सध्याची कार्डे १२५ किलोहर्ट्‌झची साधी कार्डे आहेत; ती कोणत्याही रीडरला आपला क्रमांक उघडपणे सांगतात, त्यामुळे स्वस्तातल्या यंत्रावरही त्यांची नक्कल सहज निघते. सभासदांची तारणाची कागदपत्रे त्याच दारामागे असल्याने संचालक मंडळाने यंत्रणा बदलण्याचे ठरवले आहे.

एका पुरवठादाराने मायफेअर क्लासिक हे कार्ड सुचवले होते, परंतु त्यातील क्रिप्टो-१ ही सांकेतिक पद्धत संशोधकांनी २००८ सालीच फोडून दाखवली असल्याने ते आम्ही नाकारले. दुसऱ्याने १२८ बिटांचे एईएस (माहिती सांकेतिक करण्याची प्रमाणित पद्धत) वापरणारे डेसफायर ईव्ही३ कार्ड देऊ केले आहे. माझी खरी शंका इथेच आहे. कार्ड कितीही भक्कम असले, तरी रीडर केवळ त्याचा यूआयडी (कार्डाचा ओळख क्रमांक) वाचून दार उघडणार असेल, तर आतील एईएस किल्लीचा, म्हणजे गुप्त सांकेतिक क्रमांकाचा, उपयोगच होत नाही, कारण यूआयडी सहसा किल्लीशिवायही वाचता येतो. याविषयी विचारल्यावर पुरवठादाराने फक्त माहितीपत्रक पुढे केले. एखादे परके कार्ड, उदाहरणार्थ बँकेचे टॅप करण्याचे कार्ड, रीडरला लावल्यावर त्याचा क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये दिसला, तर रीडर यूआयडीच वाचत आहे असे मानावे का? काम ताब्यात घेताना एवढी चाचणी पुरेशी आहे, की आणखी काही पाहावे? तसेच एईएसच्या किल्ल्या पुरवठादाराकडे न राहता संस्थेकडे राहाव्यात, यासाठी करारात कोणती अट घालावी?

रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची (दार उघडायचे की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रापर्यंतची) जुनी विगँड पद्धतीची तारजोडणी तशीच ठेवण्याचा त्यांचा आग्रह आहे. त्या तारांमधून माहिती उघडीच जाते आणि रीडर भिंतीवरून काढून ती मध्येच टिपता येते, म्हणून मी सुरक्षित चॅनेलसह ओएसडीपीचा (रीडर आणि कंट्रोलरमधील माहिती सांकेतिक करून पाठवू शकणाऱ्या जोडणीच्या पद्धतीचा) आग्रह धरत आहे. जुनी केबल त्यासाठी चालू शकेल का?

आग लागल्यास चुंबकी कुलूप सुटलेच पाहिजे, म्हणून आतील बटणाने कंट्रोलरवर अवलंबून न राहता कुलपाचा वीजपुरवठा थेट तोडावा, हे मी निविदेत लिहिले आहे. मात्र वीज गेल्यावर बॅटरीही संपली, तर तेच कुलूप सर्व्हरच्या खोलीचे दारही उघडे टाकेल. त्या एका दाराला, आतून मुठीने नेहमी उघडणारे पण वीज नसताना बाहेरून बंद राहणारे कुलूप बसवणे योग्य ठरेल का?

कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा त्याचे संगणकावरील खाते बंद होते, पण दाराच्या यादीत त्याचे नाव राहून जाते. लहान संस्थेत या दोन्ही याद्या एकत्र कशा सांभाळाव्यात, हे अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.